सातपुड्याचं कोण लिहून घेणार?

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याच्या महाविद्यालयातून कला किंवा विज्ञानाची पदवी घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या प्रमाणपत्रावरच्या विद्यापीठाला एका निरक्षर शेतकरी बाईचं नाव असतं. पुणे विद्यापीठापासून वेगळं होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. जळगाव आणि धुळे, आणि १९९८ नंतर धुळ्यातून निघालेला नंदुरबार, हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं. नामांतरं आपल्याकडे पुष्कळ होतात आणि बहुतेक पाटीवरच राहतात. या नामांतराने मात्र विद्यापीठाच्या आणि त्याच्या महाविद्यालयांच्या गळ्यात एक नेमकं काम अडकवलं आहे. ते काम नंदुरबार जिल्ह्याइतकं तातडीचं दुसरीकडे कुठेही नाही.

बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत कशी आली, हे पुन्हा नीट पाहायला हवं. १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोद्यात त्या जन्मल्या, लग्न होऊन जळगावात आल्या, तरुणपणीच विधवा झाल्या, आणि शेतात राबताना, जात्यावर बसताना गात राहिल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातला एक नातलग यांनी त्यातलं जमेल तेवढं उतरवून घेतलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज शाळेतल्या प्रत्येक मराठी मुलाला जे माहीत आहे, ते या तीन दुव्यांमुळे: गाणारी, उतरवून घेणारा आणि छापण्याचा आग्रह धरणारा. यातला मधला दुवा नसता तर पहिल्याचा मागमूस राहिला नसता आणि तिसऱ्यापुढे काही आलंच नसतं. जे टिपलं गेलं तेवढंच उरलं, बाकीचं बाईंबरोबर गेलं. लोकांच्या तोंडी असलेलं शहाणपण आपोआप टिकतं, ही समजूत याच उदाहरणाने खोटी ठरते.

नंदुरबार जिल्ह्याचा वारसा बहुतांशी याच जातीचा, म्हणजे तोंडी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सगळ्यांत कमी. हे आकडे आजवर मागासलेपणाचा पुरावा म्हणूनच वाचले गेले. पण त्यांचा दुसराही अर्थ निघतो. ज्या जिल्ह्यात लिहिणं इतकं उशिरा आणि इतकं कमी पोचलं, तिथलं ज्ञान, इतिहास, कायदा, औषध, देवकथा हे सगळं अजून माणसांच्या आठवणीत आहे. भिली, पावरी, देहवाली, मावची, नोयरी, कोकणी, त्याखेरीज अहिराणी आणि गुजर समाजाची गुजरी, एवढ्या बोली या सहा तालुक्यांत बोलल्या जातात. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा भिल्ल भाषा आणि खानदेशी यांच्यावरचा खंड १९०७ मध्ये निघाला. त्यानंतर या बोलींकडे अधूनमधून अभ्यासक आले, शब्द आणि गोष्टी गोळा करून घेऊन गेले. जनगणनेत ‘भिली’ या एका शीर्षकाखाली देशभरातले एक कोटीहून अधिक भाषक मोजले जातात, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. माणसांची नोंद करण्यात हा तालुका देशात पहिला आला. त्यांच्या बोलण्याची नोंद अजून व्हायची आहे.

याचं एक कारण भूगोलात आणि कारभारात आहे. हा मुलूख कायम कुठल्या तरी मोठ्या प्रदेशाचा कोपरा राहिला. १८१८ नंतर तो इंग्रजांच्या खानदेश जिल्ह्याचा पश्चिम टोकाचा भाग होता. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हा पश्चिम खानदेशाचा, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्याचा भाग झाला. १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. नर्मदेकडच्या डोंगरात काठीसारखी मेवासी संस्थानं स्वातंत्र्यापर्यंत वेगळीच होती. उच्च शिक्षणाचंही तसंच. आधी मुंबई विद्यापीठ, १९४९ पासून पुणे, १९९० पासून जळगाव. लोणखेड्याहून जळगाव दीडेकशे किलोमीटर, धडगावहून त्याहून लांब. प्रत्येक वेळी केंद्र थोडं जवळ आलं, पण जिल्ह्याचे कागद जुन्याच केंद्रांत राहिले. पश्चिम खानदेशाचा इतिहास शोधायचा तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जावं लागतं. वि. का. राजवाड्यांच्या पश्चात १९२७ मध्ये उभ्या राहिलेल्या या मंडळाने दफ्तरं जपली नसती तर तेवढंही उरलं नसतं. सातपुड्यातल्या चळवळींबद्दल वाचायचं तर पुण्या-मुंबईची ग्रंथालयं, नाहीतर इंग्रजी नियतकालिकं.

प्रकाशाचं उदाहरण घ्या. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेलं हे गाव भाविकांना दक्षिण काशी म्हणून माहीत आहे. केदारेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की याच गावाच्या पांढरीवर १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगाच्या उंबरठ्यापर्यंतच्या वस्तीचे थर तिथे एकावर एक सापडले. माळवा आणि जोर्वे संस्कृतींची रंगवलेली खापरं, त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचा थर, त्यावर पुढचे. याच तापीकाठच्या सावळदे गावावरून आणखी जुन्या अशा ‘सावळदा संस्कृती’ला नाव मिळालं. चार हजार वर्षं माणूस या नदीकाठी शेती करतो आहे, हे कुठल्याही जिल्ह्याला अभिमान वाटावा असं सत्य आहे. त्या उत्खननाचा अहवाल निघाला तो इंग्रजीत, पुरातत्त्व खात्याच्या नियतकालिकात. संगमापासून काही कोसांवर शिकणाऱ्या मुलाच्या हाती तो पडण्याची शक्यता किती?

काठीच्या राजवाडी होळीचं नेमकं उलट आहे. ती पाहायला आता दूरदूरची माणसं कॅमेरे घेऊन येतात. परंपरा तेराव्या शतकापासूनची सांगितली जाते. रात्रभर ढोल वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे, उजाडायच्या बेतात. अंगावर राखेची आणि रंगाची नक्षी काढलेले, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळके दुधी आणि घुंगरू बांधलेले बुध्ये रात्रभर नाचतात. छायाचित्रात एवढंच येतं. छायाचित्रात न येणारी गोष्ट अशी की नाचणाऱ्याने नवस बोललेला असतो आणि त्याआधीचे कित्येक दिवस तो व्रत पाळत असतो: खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, खाण्यापिण्याचे आणि शिवाशिवीचे निर्बंध पाळायचे. नवस कशाचा, कोणाकडून घ्यायचा, किती वर्षांचा, मोडला तर काय, कुठल्या गावाची होळी कुठल्या दिवशी आणि तो क्रम कोणी ठरवला, हे सगळं एक नियमशास्त्र आहे. ते जाणणारी माणसं गावोगाव आहेत, आणि ती म्हातारी झाली आहेत. राजा पांठा आणि याहा मोगी या देवतांच्या कथा, भोंगऱ्या बाजाराचे रिवाज, अस्तंब्याच्या यात्रेतली अश्वत्थाम्याची गोष्ट, यांचंही असंच. उत्सव जगाला दिसतो, त्यामागचा विचार घरातल्या नातवालाही पुरता कळलेला नसतो.

स्मरणाच्या बाबतीत हा जिल्हा कच्चा आहे असं मात्र कोणी म्हणू नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरचे लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा ही मुलं हुतात्मा झाली. त्यांचं स्मारक आहे, त्यांची नावं शाळेत घेतली जातात, आणि ते अगदी योग्य आहे. शहरात लिहिणारे होते, वर्तमानपत्रं होती, म्हणून ती आठवण पक्की झाली. पण त्याच्या काही वर्षं आधी तळोद्याकडे मोरवडच्या गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांना दारू सोडायला लावली, आरतीला एकत्र बसवलं, ‘आप की जय’ म्हणत एकमेकांना मान द्यायला शिकवलं. १९३८ मध्ये ते गेले, तरी पंथ उरला. आणि १९७१-७२ मध्ये शहाद्याच्या सपाटीवर जे घडलं त्याने महाराष्ट्राचं राजकारण हलवलं. सावकारीत आणि कर्जात गेलेल्या जमिनी, त्याच जमिनींवर सालदार म्हणून राबणारे भिल्ल, आणि त्यांना उभं करणारे अंबरसिंग महाराज सुरतवंती. भजनी मंडळांतून, सर्वोदयाच्या कामातून आलेला हा माणूस. त्याच्याबरोबर शहरांतून आलेले तरुण, आणि त्यातून उभी राहिलेली श्रमिक संघटना. बायकांनी गावोगावचे दारूचे अड्डे फोडले. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा १९७४ चा कायदा ज्या वातावरणात आला, ते वातावरण तयार करण्यात शहाद्याचा मोठा वाटा होता. या चळवळीवर मारिया मीस यांनी १९७६ मध्ये इंग्रजी संशोधनपत्रिकेत लेख लिहिला. वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी या चळवळीतून वर आला आणि ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ मध्ये निघाला. पण तेव्हा मोर्च्यात चाललेल्या सालदारांनी आणि त्यांच्या बायकांनी स्वतः सांगितलेली हकीकत गावागावातून, नावानिशी, एका जागी जमवलेली असायला हवी, आणि ती जागा याच तालुक्यात हवी.

आता लोणखेड्याकडे येऊ. इथला शैक्षणिक परिसर पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचा आहे, आणि त्यामागे सहकारातले नेते पी. के. अण्णा पाटील यांची दृष्टी होती. जवळच पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना. साखर कारखाना आणि त्याच्या सावलीत महाविद्यालय, हा प्रवरेपासून महाराष्ट्राला ओळखीचा झालेला नमुना तापीकाठी आला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली, तेव्हा इथेही अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. कला, विज्ञान, वाणिज्य, औषधनिर्माण असं बरंच काही एका आवारात आलं. ज्या तालुक्यातल्या मुलाला शिकायला धुळे किंवा पुणे गाठावं लागे, त्याच्यासाठी ही क्रांतीच होती. ऊस, केळी, पपई पिकवणाऱ्या घरांतली मुलं आणि डोंगरातून वसतिगृहात उतरलेली मुलं आता एकाच बाकावर बसतात. संस्थेला नावही असं मिळालं आहे की दुसरं शोधावं लागू नये. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित काढत होते, आणि आयुष्याच्या अखेरीस भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचं स्वप्न मांडत होते. पावरी आणि गुजरी, मावची आणि अहिराणी एका वर्गात असताना आंतरभारती सुरू करायला राज्याची सीमा ओलांडायची गरज नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की जिल्ह्याचा तोंडी वारसा उतरवून घेणं हे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी पदवीच्या अभ्यासाचाच भाग करावं, आणि विद्यापीठाने त्याला गुण आणि भांडार दोन्ही द्यावं. हे हौशी मंडळाचं किंवा स्नेहसंमेलनाचं काम नव्हे. बहिणाबाईंच्या घरात जसा सोपानदेव होता, तसे शेकडो सोपानदेव या वर्गांत बसलेले आहेत: आजीची बोली कळणारे आणि देवनागरी लिहिणारे. असा विद्यार्थी ना पुण्याच्या संशोधन संस्थेकडे आहे, ना मुंबईच्या.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. जिथे मुलांना नोकरी हवी, तिथे गाणी गोळा करायला कशाला लावता? हा आक्षेप हलका समजू नये. वसतिगृहात राहून बी.ए. करणाऱ्या मुलामागे घरची सगळी आशा उभी असते. पण बोली जाणून ती नेमकी लिहिता येणं हेही या जिल्ह्यात कमाईचं कौशल्य आहे. आश्रमशाळेत पहिलीच्या मुलाला मराठी कळत नाही, दवाखान्यात बाळंतिणीला डॉक्टरचं कळत नाही, वनहक्काच्या दाव्यात म्हाताऱ्याची साक्ष उतरवायला माणूस लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी तर गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी नोंदवलेली जबानी पुराव्यात धरली आहे. ज्याने वर्षभर आजोबांचं बोलणं शब्दशः टिपून त्याचं मराठी केलं, तो शिक्षक, आरोग्यसेवक किंवा ग्रामसेवक म्हणून अधिक उपयोगी पडेल. शिवाय वेगळा वेळ काढायचाही प्रश्न उरलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांना श्रेयांक ठेवलेले आहेत. ते तास भरायचेच आहेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या माहितीच्या फायलींनी भरायचे की शेजारच्या पाड्यावरच्या माणसाच्या तोंडच्या ज्ञानाने, एवढंच ठरवायचं आहे.

दुसरा आक्षेप दर्जाचा. पोरं काय टिपणार, म्हणतात. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना हेच काम दिलं होतं. विषयांची एक पुस्तिका शिक्षकांच्या हाती दिली. मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या. सुमारे पाच हजार शाळा, पन्नास हजारांच्या आसपास मुलं, आणि परगण्यांनुसार लावलेल्या लाखो पानांचा संग्रह. तो आज डब्लिनच्या विद्यापीठात आहे आणि कोणालाही आपल्या गावाचं पान उघडून वाचता येतं. तो निर्दोष नाही. मुलांनी कुठे पुस्तकातलं उतरवलं, कुठे आपल्या मनचं घातलं. तरीही त्या देशाच्या ग्रामीण इतिहासाला तेवढा मोठा आधार दुसरा नाही. अकरा वर्षांच्या मुलांना जे जमलं ते वीस वर्षांच्या मुलांना, हातात ध्वनिमुद्रण करणारा फोन असताना, का जमू नये? आणि आयर्लंडही लांब राहिलं. नंदुरबारच्या सीमेपलीकडे गुजरातेत तेजगढला गणेश देवी यांच्या भाषा संस्थेने आदिवासी अकादमी उभी केली, आदिवासी तरुणांना आपल्या भाषेत लिहायला लावलं, ‘ढोल’ हे नियतकालिक चालवलं. धडगाव परिसरात ‘बाएफ’ या संस्थेने शेतकऱ्यांच्या मदतीने मका आणि ज्वारीचे गावरान वाण जमवून गावातच बियाणं राखण्याची सोय केली. बियाण्याचं जमतं तर बियाण्याबरोबर येणाऱ्या नावांचं, पेरणीच्या विधींचं, गाण्यांचंही जमेल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि तो आदिवासी कार्यकर्त्यांकडून येतो. आमच्याकडून नेहमी नेलंच गेलं: जमीन, जंगल, आणि संशोधकांनी गोष्टीही. आता महाविद्यालय घेऊन जाणार काय? औषधी वनस्पतींचं ज्ञान छापलं की ते कंपनीचं होतं. देवाचं गुपित छापलं की देवाचा अपमान होतो. याला गोड शब्दांनी उत्तर देऊन चालणार नाही, नियमच हवेत. सांगणाऱ्याची परवानगी आधी, त्याच्या भाषेत समजावून. नोंदीवर त्याचं नाव, विद्यार्थ्याचं नंतर. एक प्रत त्याच्या घरी आणि एक ग्रामसभेकडे. जे सांगायचं नाही ते न सांगण्याचा हक्क, आणि औषधांची माहिती ग्रामसभेच्या संमतीशिवाय बाहेर न देण्याचं बंधन. पेसा कायद्याने १९९६ मध्ये परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचं काम ग्रामसभेकडे सोपवलेलंच आहे. तिला डावलून जमवलेला संग्रह कितीही मोठा झाला तरी तो उचलेगिरीच ठरेल. महाविद्यालयाऐवजी बाहेरचा संशोधक आला तर यातलं काहीच पाळलं जाण्याची खात्री नसते. शेजारच्या पाड्यावरचाच मुलगा नोंद करत असेल तर त्याला उद्या पुन्हा त्याच अंगणातून जायचं असतं.

याच आक्षेपाला जोडून आणखी एक येतो. सपाटीवरच्या बागायती सुबत्तेतून उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था १९७२ चा इतिहास मोकळेपणाने टिपतील का? जमीनमालकाचा नातू आणि सालदाराचा नातू एकाच वर्गात आहेत. माझ्या मते हीच या वर्गाची ताकद आहे. दोघांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्याचं म्हणणं टिपावं, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवावीत. मालकाच्या घरीही दुष्काळाच्या, कर्जाच्या, स्वतः नांगर धरल्याच्या आठवणी असतील. सालदाराच्या घरी काय आहे ते बरंचसं अजून कोणी विचारलेलं नाही. निवाडा शिक्षकाने द्यायचा नाही, दोन्ही साक्षी जपायच्या. त्यातून थोडी कुरबूर होईल. ती सोसण्याइतकी जुनी आणि भक्कम लोणखेड्याची संस्था आता झाली आहे.

विद्यापीठाकडून लागतं ते फार नाही. बोलीनिहाय लेखनाची एक साधी पद्धत, विषयांची पुस्तिका, ध्वनिमुद्रणं सुरक्षित ठेवण्याची जागा, आणि ही जागा जळगावलाच नव्हे तर नंदुरबार जिल्ह्यातही. गडचिरोली-चंद्रपूरसाठी २०११ मध्ये वेगळं गोंडवाना विद्यापीठ झालं, तसं इथेही व्हावं अशी मागणी होऊ शकते. तिला माझा विरोध नाही. पण विद्यापीठ मंजूर होऊन उभं राहायला दशक जातं, आणि ज्यांच्याकडून टिपायचं त्यांच्याकडे दशक नाही. १९७२ मध्ये विशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

सुरुवात कुठून करावी, यावर मतं वेगळी असतील. मला विचाराल तर सरदार सरोवरात गेलेल्या गावांपासून. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेलीत पाणी नव्वदच्या दशकातच शिरलं. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद होऊन ते पूर्ण उंचीपर्यंत भरण्याची वाट मोकळी झाली. त्या गावांतले पुष्कळ लोक आज तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या पुनर्वसन वसाहतींत राहतात, लोणखेड्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या जवळ. प्रत्येक शेताला, नाल्याला, डोहाला, डोंगराच्या सोंडेला, देवाच्या झाडाला त्यांच्याकडे नाव होतं. ती जमीन आता कोणालाच दाखवता येणार नाही. पण एका गावाच्या चार वृद्धांना एकत्र बसवून, मोठ्या कागदावर नदी काढून, कोणतं शेत कुठे, त्याचं नाव काय, ते कोणाचं, तिथे काय पिकायचं, असं विचारत गेलं तर गावाचा नकाशा एका दिवसात कागदावर येतो. ३३ गावं म्हणजे एका वर्गाचं एका सत्राचं काम आहे.